दोन हातांचं पागोटं

मामानं पागोटं हातात घेतलं तेव्हा मनोरमाबाई पाटावर बसली होती. तिनं मान खाली केली. मामा तिच्यासमोर थोडा थांबला, मग बाजूला सरकला आणि तिच्या शेजारी नुसत्या जमिनीवर बसलेल्या केशवच्या डोक्याला पागोटं बांधायला लागला. पाट तिच्याखाली, पागोटं त्याच्या डोक्यावर. अंगणात आमची सगळी विणकरांची आळी होती. कोणी जागचं उठलं नाही.

तिच्या बापाची, श्रावणजीची, तेरवी होती. आमच्यात बाप गेला की तेराव्या दिवशी मामाकडचा माणूस मुलाला पाटावर बसवून पागोटं बांधतो. त्या दिवसापासून घर, माग, देव्हारा, सगळं त्या डोक्याचं. श्रावणजीला मुलगा नव्हता. मनोरमा एकटीच. केशव हा त्याच्या वारलेल्या भावाचा मुलगा, पलीकडच्या गल्लीत राहणारा. आणि मामा होता तो मनोरमाबाईचा सख्खा मामा, केशवचा नात्यानं कोणीच नाही. तरी त्यानं बांधलं.

पागोट्याचे सगळे फेरे होईपर्यंत तिची मान खालीच होती. मामानं शेवटचं टोक खोचलं, केशव त्याच्या पाया पडला, तेव्हा तिनं मान वर केली. रडली नाही. उठली, पाट उचलून भिंतीला टेकवला, आणि शाळेत वर्गावर म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, "बसा."

लोक जेवायला बसले. वडे चांगले झाले होते. मीच तळले होते.

मनोरमाबाई पवनीच्या हायस्कूलात इतिहास शिकवायची. आमची तिची एक भिंत. उंच, हाडापेरानं मोठी, पाय इतके मोठे की चप्पल पुरुषांची घ्यावी लागे. पदराला कायम खडूचा पांढरा डाग. लग्न केलं नव्हतं. बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायची, मागच्या बाकावरच्या पोरीशी बोलल्यासारखी. आणि एक सवय होती. कुठलीही बातमी सांगा, ती विचारायची, "पुढे कोण?" हेडमास्तरांची बदली झाली, पुढे कोण. पोस्टमन रिटायर झाला, पुढे कोण. आमची म्हैस मेली तेव्हाही आली, उभी राहिली आणि विचारलं, "पुढे कोण?" मी म्हटलं, "पुढे कोनी नाई. आता चहा काळा."

तिचं शिक्षण नागपुरात झालेलं. तिथे तिला इंग्लंडच्या राजांचा अख्खा पेपर होता. इकडच्या शाळेच्या पुस्तकात ते राजे नव्हते, म्हणजे एखाद्या ओळीपुरते होते. पोरींना सांगून उपयोग नाही, परीक्षेत येत नाही. म्हणून ती मला सांगायची. मी चौथी शिकलेली. इंग्लंड कुठे आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आताही कोणी नकाशा दिला तर बोट ठेवता येणार नाही. पण माझे हात कामात आणि कान रिकामे असत. माझा नवरा मागावर आणि मी चरख्यावर. दिवसभर कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे बोटाएवढी नळी, तिच्यावर सूत गुंडाळायचं. ती धोट्यात बसते, धोटा मागातून इकडून तिकडे पळतो आणि कापड होतं.

एका रविवारी ती आली आणि माझ्या टोपल्यातल्या भरलेल्या कांड्या काढून जमिनीवर मांडायला लागली.

"हा आठवा हेन्री," जाड लाल कांडी ठेवून म्हणाली. "याला मुलगा पाहिजे होता. त्यासाठी त्यानं सहा बायका केल्या."

"साहाच्या साहा नांदल्या?"

"दोघींची मान उडवली."

"मंग मुलगा झाला का नाई?"

"एक झाला. एडवर्ड." तिनं एक बारीक पांढरी कांडी ठेवली. "पोरवयात गादीवर बसला, पोरवयातच गेला. आधीच्या दोन मुली होत्या, मेरी आणि एलिझाबेथ. दरबाराच्या लोकांनी दोघींना ओलांडलं आणि नात्यातल्या तिसऱ्याच पोरीला राणी केलं. जेन. नऊ दिवस टिकली."

"अना मेरी?"

"मेरीसाठी लोक निघाले." हे सांगताना तिचा आवाज बदलायचा. "बाप आधीच सांगून गेला होता की एडवर्डनंतर मेरी. लोकांना ते माहीत होतं. गावागावातून निघाले, मेरीला घेऊन राजधानीत आले. घंटा वाजवल्या. तिचा हक्क होता, म्हणून लोक उठले."

तेवढ्यात आतून माझ्या नवऱ्यानं हाक दिली, "सगुणा, कांडी आन! धोटा रिकामा पडून राहिला."

मी हेन्रीची लाल कांडी उचलली.

"अगं, तो राजा आहे!"

"मंग काय झालं? राजा कायले बसून ठेवाचा, लुगड्याचा काठ अडून राहिला."

ती हसली. ती हसली की एकदम हसायची, तोंडावर हात न घेता. त्यानंतर वर्षानुवर्षं ती राजे मांडायची आणि मी एकेक उचलून धोट्यात घालायची. इंग्लंडचे किती राजे-राण्या इकडच्या बायकांच्या अंगावर गेले, त्याला गणती नाही.

श्रावणजी पागोट्याचं कापड विणायचा. पांढरं, बारीक लाल काठाचं. आळीत ते विणणारा तो शेवटचा. म्हातारपणी ओसरीवर चार माणसांत चहा पिताना म्हणायचा, "माह्यं पागोटं मनूच्या डोक्यावर. पोरगा काय अन् पोरगी काय, माह्यं ते माह्यं." माणसं मान हलवायची. फुकटचा चहा पिताना माणूस मान हलवतोच. पण मनोरमाबाईनं ते धरून ठेवलं. बापानं सांगितलं, लोकांनी ऐकलं, झालं.

तो गेला तेव्हा मागावर अर्धं कापड होतं. आमच्यात माणूस गेला की त्याच्या मागावरचं कापड जिथे असेल तिथे कापून काढतात. ते पुरं कोणी करत नाही. दहावं झालं, घर सारवलं, आणि आम्हाला तिच्याकडून मागाचा आवाज आला. मी गेले. मागाच्या खड्ड्यात मोठे पाय सोडून ती बसली होती. लहानपणी शिकलेलं सगळं विसरली होती, धागा तुटायचा, जोडायची.

मी म्हटलं, "बाई, मेलेल्याचं कापड पुरं नाई करत. लोक नाव ठेवतीन."

"त्यांचं पागोटं आहे. पुरं व्हायला पाहिजे."

"कापून टाका अन् बाजारातून आना."

"बाजारचं पागोटं कुणाचंही असतं, सगुणा."

तिनं ते पुरं केलं. बापाचा हात घट्ट होता, तिचा ढिला. जिथे एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू झालं तिथे कापडात सरळ दिसायचं. तेच पागोटं तिनं स्वतः ताटात ठेवून मामाच्या पुढे केलं आणि जाऊन पाटावर बसली. मेलेल्याचं कापड विणलं म्हणून लोक आधीच रागात होते. त्यात पाटावर बाई. तिला वाटलं होतं मामा चुकला तर आळी उठेल. मेरीसाठी लोक उठले तशी. आळी बसून राहिली. माझ्यासकट.

नंतर एकदा तिनं मला विचारलं, "तू उठली असतीस का, नवरा शेजारी नसता तर?"

"नाई."

"का?"

"मी उठून काय झालं असतं? दोन बाया उभ्या दिसल्या असत्या."

तिला ते पटलं. खोटं सांगितलेलं तिला आवडत नसे.

महिन्याभरात केशव बायकोपोरांसह राहायला आला. मागाची खोली, स्वयंपाकघर, देव्हारा त्यांच्याकडे. मनोरमाबाईकडे पुढची खोली राहिली. तिथेच स्टोव्ह, तिथेच खाट, तिथेच पुस्तकं. तिच्या बापाच्या घरात तिची चूल वेगळी. केशव वाईट नव्हता. तोंडातल्या तोंडात बोलायचा, पागोटं फक्त लग्नाकार्यात घालायचा. त्याची बायको गिरजा जरा तिखट होती. पण कोणी तिला ढकललं नाही, उपाशी ठेवलं नाही. नुसतं कोणी तिला विचारत नसे. घरात लग्न ठरलं तर तिला पत्रिका छापून आल्यावर कळायचं.

भंडाऱ्याच्या एका वकिलानं तिला सांगितलं होतं की कायद्यानं घर तिचं आहे. मी म्हटलं, "मंग जा ना कोर्टात."

"जाईन आणि जिंकीन. पुढे?"

"पुढे काय? घर भेटन."

"घर मला काय करायचं आहे? मी एकटी. एक खोली पुरते." मग म्हणाली, "कोर्ट पागोटं देत नाही. ते लोकांनी द्यायचं असतं."

त्या दिवशी मला कळलं की तिला घर नको होतंच. सगळ्यांसमोर पाटावर बसली होती आणि सगळ्यांसमोर तिला ओलांडून गेले होते. ते भरून निघावं एवढंच तिला पाहिजे होतं. आणि ते निघणार नव्हतं. मी तसं तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, एलिझाबेथला तिच्या बहिणीनं किल्ल्यात कोंडलं होतं. ती गप्प राहिली म्हणून वाचली आणि पुढे राणी झाली.

"किती वर्सं गप्प राहावं लागते?"

"बहीण मरेपर्यंत."

"केशव तुमच्याहून लहान आहे," मी म्हटलं.

तिच्यासाठी स्थळ आलं नाही असं नाही. जवाहरनगरच्या फॅक्टरीतला एक विधुर होता. सज्जन माणूस, क्वार्टरमध्ये एकटा. दर दिवाळीनंतर यायचा, सोनपापडीचा डबा घेऊन. ती त्याला चहा करायची. क्वार्टरमध्ये पाणी किती वाजता येतं, फॅक्टरीची बस वेळेवर असते का, असलं विचारायची. तो जायचा. ती होही म्हणायची नाही, नाहीही म्हणायची नाही.

मी म्हटलं, "काहून लटकवून ठेवलं त्या बिचाऱ्याले?"

"एलिझाबेथनं अख्ख्या युरोपातले राजपुत्र लटकवून ठेवले होते."

"तिच्यापाशी राज्य होतं वो बाई. तुमच्यापाशी एक स्टोव्ह आहे."

ती रागावली नाही. पण पुढच्या दिवाळीला तो माणूस आला तो बायको घेऊन. मनोरमाबाईनं त्या बायकोला हळदकुंकू लावलं, खण दिला, नेहमीसारखा चहा केला. ते गेल्यावर सोनपापडीचा डबा उघडाही न करता माझ्याकडे आणून दिला. "पोरांना दे," म्हणाली. दारात जरा उभी राहिली. मी चरखा थांबवला नाही. मग गेली.

सगळ्यात वाईट असायचा उन्हाळा. शाळा बंद. पवनीत मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. माग बंद, माणसं घरात पडलेली. आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "बसा." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ती शिकवायला लागायची. पहिल्या चार्ल्सला मान कापायला नेलं त्या दिवशी थंडी होती, म्हणून त्यानं दोन सदरे घातले. थंडीनं कापला तर लोकांना वाटेल भीतीनं कापतो. मध्येच थांबायची, कोणी प्रश्न विचारल्यासारखी. उत्तर द्यायची. खोलीत कोणी नसायचं. मला माहीत होतं, कारण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जाऊन फटीतून बघितलं होतं. परत तसं बघायला गेले नाही. ॲन राणीला सतरा वेळा दिवस गेले आणि एकही पोर मोठं झालं नाही, हे मी त्या भिंतीतूनच ऐकलं. तिच्यामागे जवळचे पन्नास जण ओलांडून जर्मनीतून लांबचा एक नातेवाईक आणून गादीवर बसवला. हे सांगून ती रिकाम्या वर्गाला म्हणाली, "इथे तर एकीलाच ओलांडलं." आणि हसली. तेच मोठ्यानं, तोंडावर हात न घेता.

पुढे पवनीतले माग एकेक करून बंद झाले. गिरणीचं कापड स्वस्त, आमचं महाग. केशवनं श्रावणजीचा माग सरपणाला काढला. त्याचा मुलगा नागपूरला नोकरीला गेला. केशवला खोकला लागला. मनोरमाबाईची शाळेची थोडीच वर्षं उरली होती, आणि एका सकाळी फळ्यावर लिहिता लिहिता ती पडली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून परत आणली तेव्हा उजवं अंग गेलेलं, वाचा बंद. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका असं सांगितलं. ओसरीवर आळीतल्या बाया येऊन बसल्या. आमच्यात अशा वेळी बसतात. कुणी वाती वळतं, कुणी सुनेची गाऱ्हाणी सांगतं. आत खाटेपाशी मी, गिरजा आणि केशव.

गिरजा म्हणाली, "विचारून घ्या तिले, आगी कोन देईन. मंग मागून बोलनं नको."

तिचं बरोबर होतं. विचारावं लागतंच. मी वाकले आणि म्हटलं, "बाई, पुढे कोण?"

तिनं डोळे उघडले. डावा हात वर केला आणि डोक्याभोवती गोल फिरवला. सावकाश, एकदा, मग पुन्हा एकदा.

"पाहा," गिरजा म्हणाली, "पागोटंवाल्याले म्हनून राहिली. यायलेच."

केशवनं खांदे सरळ केले. पण मला ती खूण माहीत होती. कांड्या मांडून तिनं मला सांगितली होती. एलिझाबेथ मरायला टेकली, वाचा गेली, दरबाऱ्यांनी विचारलं पुढे कोण, तेव्हा तिनं हात डोक्याभोवती फिरवला होता. मुकुट. तिनं तो कुणाला द्यायचा ते सांगितलं होतं असं म्हणतात.

मी विचारलं, "केशवले?"

तिनं हात खाटेच्या पाटीवर आपटला. नाही.

"गिरजाच्या पोराले?"

पुन्हा आपटला.

"तुमाले?"

हात वर गेला आणि तसाच राहिला. आपटला नाही. डोळे माझ्यावर.

मी गिरजाला म्हटलं, "पागोटं काढ पेटीतून."

"कायले?"

"काढ म्हनलं ना."

"बाईमानसाच्या डोक्याले? वो माय! लोक हासतीन."

"हासू दे. नाईतरी बसूनच आहेत बाहेर."

गिरजानं केशवकडे पाहिलं. केशव जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "दे."

मला पागोटं बांधता येत नाही. मला डोक्यावर घागरीखाली ठेवायची चुंबळ येते, तसंच मी ते गुंडाळलं. मनोरमाबाई त्याही स्थितीत माझ्याकडे नापास झालेल्या पोरीकडे बघावं तशी बघत होती.

"वैनी, सोडा," केशव म्हणाला. "घागर ठेवाची आहे काय तिच्यावर?"

त्यानं सगळं उकललं. मला एक टोक धरून लांब उभं राहायला सांगितलं. तिच्या डोक्यामागे बसून, तिची मान आपल्या गुडघ्याला टेकवून बांधायला लागला. खोकला आला की थांबायचा. एका जागी त्याचा अंगठा कापडावर अडकला.

"इथून तिचं सुरू होते," तो म्हणाला. माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही. तो जोड त्यानं बरोबर कपाळावर आणला, शेवटचं टोक खोचलं आणि म्हणाला, "झालं."

माफी वगैरे काही मागितली नाही. मागायचा नाहीच तो. पण तेवढ्यात ओसरीवरच्या कुणाची तरी आत नजर गेली. "अवो पाहा वो!" आणि बाया उठल्या. सगळ्या. बघायला म्हणूनच उठल्या, दुसरं काही नाही. दारात दाटीवाटीनं उभ्या राहिल्या, एकीच्या खांद्यावरून दुसरी. मनोरमाबाई त्यांच्या डोक्यांवरून मागे बघत होती. पागोट्यात ती हुबेहूब श्रावणजी दिसत होती.

मग तिचं तोंड हललं. पडल्यापासून पहिला शब्द.

"बसा."

तेवढाच एक शब्द तिला परत आला. दुसरा कधी आला नाही.

थोड्या वर्षांनी आमचाही माग बंद झाला आणि मुलाकडे भंडाऱ्याला जायचं ठरलं. सामान रिक्षात चढवून मी तिला सांगायला गेले. ती ओसरीवर खुर्चीत होती, मांडीवर पागोट्याची घडी, रस्त्यानं शाळेच्या पोरी चाललेल्या. ती प्रत्येकीकडे बघून "बसा" म्हणत होती. कोणी बसत नव्हतं. ओसरीवर दुसरं माणूस नव्हतं, तिचं करायला ठेवलेली बाई आत भांडी घासत होती.

"चालली मी, बाई," मी म्हटलं.

तिनं डावा हात समोरच्या रिकाम्या पाटाकडे केला. "बसा."

"बसाले टाइम नाई. गाडी सुटन."

ती हसली. एका बाजूनंच, पण मोठ्यानं. मी रिक्षात बसले.

मामा आधीच गेला होता. केशव त्या पागोट्यानंतरच्या थंडीत गेला, त्याच्यामागे गिरजा. श्रावणजीच्या तेरवीला अंगणात बसलेले बहुतेक सगळे गेले. मनोरमाबाई मात्र त्या दुखण्यातून वाचली आणि पागोट्यासकट सगळ्यांच्या मागे उरली.